‘पेट्रोल काढून आणाल ना?’

तिकीट काढल्यावर विमान कंपनीला फोन करून सांगितलं, की माझी स्कूटर माझ्यासोबत येणार आहे. पलीकडचा मुलगा क्षणभर गप्प झाला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, पेट्रोल काढून आणाल ना?"

त्याचं काय चुकलं म्हणा! स्कूटर म्हटलं की दुचाकीच डोळ्यांसमोर येते. माझी म्हणजे चार बुटकी चाकं, एक सीट आणि हँडल. घडी घातली की मोठ्या बॅगेएवढी होते. लहानपणी पोलिओ झाला. काठी टेकत घरात वावरते, पण विमानतळासारखं अंतर मला झेपत नाही. त्या फोनपासून मी ‘स्कूटर’ म्हणणंच सोडलं. "घडीचं मोबिलिटी एड, लिथियम-आयन, बॅटरी निघते," असं एका दमात म्हणून टाकते.

"व्हीलचेअर टाकली हं बुकिंगमध्ये," असं फोनवरच्या त्या मुलानं सांगितलं, तेव्हा मी निर्धास्त झाले. नंतर कळलं, त्यानं डब्ल्यूसीएचआर हा कोड टाकला होता. त्याचा अर्थ एवढाच, की या प्रवाशाला लांब चालवत नाही, पायऱ्या मात्र चढता येतात. मला त्याही येत नाहीत, म्हणजे हवा होता डब्ल्यूसीएचएस. स्कूटरचा तर त्यात उल्लेखच नव्हता. लिथियम बॅटरीच्या साधनासाठी डब्ल्यूसीएलबी असा वेगळा कोड असतो. पुन्हा फोन केला, दोन्ही कोड टाकून घेतले आणि बॅटरीची परवानगी ईमेलवर लेखी मागितली. अपंग विमानप्रवाशांच्या हक्कांविषयीचा युरोपीय संघाचा ११०७/२००६ हा नियम निदान ४८ तास आधी कळवायला सांगतो. मी आठवडाभर आधीच मागे लागले होते, तरी उत्तर आलं निघायच्या आदल्या दिवशी.

बॅटरीचं गणित सोपं आहे, पण ते आपल्याला तोंडपाठ हवं. माझ्या बॅटरीवर २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर एवढंच छापलंय. दोन्हींचा गुणाकार केला की २४० वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा. घडीच्या साधनातून लिथियम बॅटरी काढायची ठरवून केलेली सोय असेल, तर ती काढून स्वतःसोबत केबिनमध्ये न्यायची. एकच बॅटरी असेल तर मर्यादा ३०० वॉट-अवर, दोन असतील तर प्रत्येकी १६०. टोकं टेपनं झाकायची, बॅटरी स्वतंत्र पिशवीत ठेवायची. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे नियम निराळे, त्यांची यांच्याशी गल्लत करू नका.

एवढी तयारी करूनही काउंटरवर अडलोच. तिथली मुलगी बॅटरी हातात घेऊन म्हणाली, "यावर वॉट-अवर कुठे लिहिलंय?" मी गुणाकार करून दाखवला. तिनं मोबाइलवर पुन्हा करून पाहिला. मग म्हणाली, "२४०? १६० च्या वर चालतच नाही." ती सांगत होती ती मर्यादा कॅमेऱ्याच्या वगैरे सुट्या बॅटऱ्यांची. धाकटी बहीण सोबत होती, तिचा आवाज चढायला लागला. मी तिचा हात दाबला. भांडण आपल्याला परवडत नाही, विमान त्यांचं असतं. सुपरवायझरला बोलवायला सांगितलं, परवानगीचा ईमेल पुढे केला आणि म्हटलं, "आयाटाचा टेबल २.३.ए एकदा बघता का?" आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आणि प्रवाशाला बॅटरीसारख्या धोकादायक वस्तू कशा नेता येतात ते या तक्त्यात असतं. सुपरवायझरबाईंनी तो उघडला, मोबिलिटी एडच्या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला आणि बॅटरी मला परत दिली. चाळीस मिनिटं गेली.

विमानाच्या दारापर्यंत स्कूटरवरच गेले, ते बरं झालं. तिथे किल्ली काढून पर्समध्ये टाकली, सीटची उशी आणि पुढची टोपली सुटी करून हातात घेतली. हँडलला फोटोसकट एक लॅमिनेट केलेला कागद बांधला होता: कुठे धरून उचलायचं, कुठे धरायचं नाही, ढकलण्यासाठी गिअर मोकळा करायची खटकी कुठली. कागद इंग्रजीत होता. तो कुणी वाचला नाही याचा पुरावा पलीकडे उतरल्यावर मिळाला.

टॅगवर ‘विमानाच्या दाराशी द्या’ असं लिहिलेलं असूनही स्कूटर आली ती अवजड सामानाच्या पट्ट्यावर. तोवर मी विमानतळाच्या व्हीलचेअरमध्ये, कुणीतरी ढकलेल याची वाट बघत. स्कूटर पाहिली तर मागच्या चाकावरचं प्लास्टिकचं झाकण तडकलेलं. बॅटरी बसवली, चालू झाली, जीव भांड्यात पडला. बहीण म्हणाली, "चालतेय ना, चल आता." मी हलले नाही. तिथल्या तिथे फोटो काढले, सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचे नियम ठरवणाऱ्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान ताब्यात आल्यापासून सात दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. चांगली स्कूटर त्याहून महाग असू शकते, त्यामुळे चेक-इन करतानाच जादा किमतीचं विशेष घोषणापत्र देता येतं. ते मला माहीत होतं, पण त्या चाळीस मिनिटांच्या गडबडीत राहून गेलं.

गावात फिरताना फारसा त्रास झाला नाही. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेलं होतं, त्यामुळे नुसता प्लगचा अ‍ॅडॉप्टर पुरला. दगडी फरसबंदीवर मात्र दात वाजतात, आणि ट्रामचा रूळ तिरका ओलांडायचा नाही. छोटं चाक खाचेत असं रुततं, की उतरून बहिणीला उचलायला लावावं लागतं. एकदा लावलं, तेही सिग्नल सुटायच्या बेतात असताना.

परतीला कागद स्थानिक भाषेत करून घेतला, वर ठळक अक्षरांत ‘२४० डब्ल्यूएच’ लिहिलं आणि तसंच स्टिकर बॅटरीवर चिकटवलं. काउंटरवरच्या माणसानं स्टिकर पाहिलं, ईमेल पाहिला आणि बोर्डिंग पास दिला. झाकणाच्या भरपाईचा ईमेल मात्र अजून ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच सांगतोय.