तुम्ही विचारलंत म्हणून: ती डबी का लोंबकळते

"लिनक्सच वापरायचंय तर सरळ लॅपटॉपमध्ये टाक की! ती बाहेरच्या ड्राइव्हची डबी वायरीला कशाला लोंबकळत ठेवतोस?" मेहुण्यापासून शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरापर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. दर वेळी "सवय आहे" म्हणून वेळ मारून नेतो. आज एकदाचं सांगून टाकतो.

लॅपटॉप माझा नाही, बायकोचा आहे. ती कर सल्लागार. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, सगळं विंडोजवर. माझ्या कामाला लिनक्स लागतं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवणं, करून पाहिलं. ८ जीबी रॅममध्ये दोन संसार थाटले की दोन्ही उपाशी. तिच्या डिस्कचे तुकडे पाडायची माझी छाती नाही. म्हणून २४० जीबीची जुनी एसएसडी (वेगवान डिस्क), तिला बाहेरून जोडायची स्वस्तातली केस, म्हणजे ती डबी, आणि बायकोला दिलेला शब्द: "तुझ्या लॅपटॉपला हातसुद्धा लागणार नाही. ड्राइव्ह काढली की मी तिथे नव्हतोच."

तारीख २०, म्हणजे जीएसटीआर-३बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. आदल्या रात्री मी सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारा लॅपटॉपचा पहारा) बंद करून ड्राइव्हवर लिनक्स टाकलं आणि सकाळी ड्राइव्ह पाठपिशवीत घालून नाशिकहून मुंबईची एसटी पकडली. इगतपुरी मागे पडली आणि फोन आला.

"काळी स्क्रीन आहे. खाली ग्रब लिहिलंय आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. काय करून ठेवलंयस?"

"मी? काही नाही."

खरंच वाटत होतं तसं. बूटलोडर, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना लिनक्सला उठवणारा तो ग्रब, कुठे टाकू, असं इन्स्टॉलरने विचारलं तेव्हा मी बाहेरचीच ड्राइव्ह निवडली होती. त्याने ऐकून घेतलं आणि गुपचूप आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे असे बूटलोडर ठेवायच्या कोपऱ्यात, बस्तान मांडलं. वर स्वतःचं नाव विंडोजच्या आधी लावलं. पुढचं सगळं सामान मात्र माझ्या पिशवीत, बसमध्ये.

एफ१२ दाबून, काय सुरू करायचं त्याची यादी उघडायला लावली आणि विंडोज बूट मॅनेजर निवडायला सांगितलं. अर्धा मिनिट सुखाचा गेला. मग निळा पडदा: बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) रिकव्हरी की द्या. ४८ आकडे. सिक्युअर बूट बंद केल्यावर तो हे विचारणार, हे मला रात्रीच सुचायला हवं होतं. लॅपटॉप मीच सेट करून दिलेला, त्यामुळे की माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. फोनवर उघडली आणि वाचायला लागलो. मी "एकोणसाठ" म्हटलं, तिने एकोणसत्तर टाकलं. सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ ने भाग जाणारा असतो, म्हणून चूक तिथल्या तिथे पकडली गेली. मग "पाच... नऊ..." असं एकेक, मोठ्याने, अर्धी बस ऐकत होती. पाचव्या गटाला कसारा घाट लागला आणि रेंज गेली. मागच्या सीटवरच्या काकांनी न मागता आपला फोन पुढे केला. "माझ्याला आहे." उरलेले आकडे त्यावरून गेले. रिटर्न संध्याकाळी भरलं. रात्री घरी जेवण शांततेत झालं, म्हणजे फारच शांततेत.

चूक इन्स्टॉलरचीच, हे मी आजही म्हणतो. यात सापडलेला मी काही पहिला नाही. पण निघण्याआधी ड्राइव्ह काढून एकदा लॅपटॉप सुरू करून बघायला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

नंतर मागचं झाकण उघडून, एकुलता स्क्रू काढून आतली डिस्कच बाजूला ठेवली आणि इन्स्टॉल पुन्हा केलं. लोडरला लिहायला दुसरी जागाच नव्हती! आता सगळं ड्राइव्हच्या आपल्या ईएफआय पार्टिशनवर आहे. डिस्क परत बसवून ग्रबचं जुनं नावही यादीतून काढलं.

हुश्श म्हणतोय तोवर तिच्या विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. एका कमांडचं काम, पण हात लागलाच ना? शब्द डिस्कपुरता होता, असं तेव्हाचा मी म्हणाला असता. तिच्यासमोर म्हणून दाखवायची हिंमत नाही.

मग आतच का टाकत नाही? सांगितलं की, लॅपटॉप माझा नाही. आणि डबी बरी असं अजूनही वाटतं, निदान १८ तारखेपर्यंत. १८ ते २० ती ड्राइव्ह गोदरेजच्या कपाटात असते. ४८ आकडे लिहिलेला कागदही तिथेच, गॅसच्या पुस्तकात. किल्ली तिच्याकडे.