हाकाऱ्याच्या वाट्याला काय आलं

२ जुलै २०२५, बुधवार, रात्री

आज ऑफिसातून निघायलाच आठ वाजले. ट्रस्टांच्या ऑडिटचे दिवस जवळ आले की टेबलावर व्हाउचरांचे गठ्ठे चढत जातात. बेळगावात, आमच्या टिळकवाडीत सकाळपासून पावसाची धार लागलेली, छत्री असून नसल्यासारखी.

घरी आले तर भाची जेवायची थांबली होती. धाकट्या बहिणीची मुलगी, दहावीत आहे, शाळेसाठी आमच्याकडे राहते. ताट वाढायच्या आधीच म्हणाली, "मावशी, सेसिलला मारून आज दहा वर्षं झाली." घरातलं कुणी गेल्यासारखा तिचा आवाज होता.

सेसिल म्हणजे झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला काळसर आयाळीचा सिंह. वय तेरा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा घातला होता, त्यामुळे तो कुठे फिरतो ते त्यांना कळायचं. जुलै २०१५ मध्ये उद्यानाच्या हद्दीबाहेर एका अमेरिकन दंतवैद्यानं त्याला बाण मारला. त्या शिकारीसाठी त्यानं सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. बाणानं तो लगेच मेला नाही. जखमी अवस्थेत कितीतरी तास राहिला, मग त्याला संपवलं. दोन वर्षांनी त्याचा मुलगा झांडा, तोही पट्टा घातलेला, तसाच हद्दीबाहेर मारला गेला.

हे सगळं तिला तोंडपाठ आहे. एका बड्या नटाच्या संस्थेचा व्हिडिओ तिनं मला दाखवला. नटाच्या डोळ्यांत पाणी, मागे संथ संगीत, खाली पैसे पाठवायचा कोड. वाढदिवसाचे हजार रुपये तिला तिथं पाठवायचे होते. "रविवारपर्यंत थांब, त्यांचा अहवाल बघू," असं मी म्हटलं. ती गप्प झाली. मग ताटावरून उठताना म्हणाली, "तुला सगळ्यात हिशेबच दिसतो, मावशी. तो सिंह दिसत नाही."

ते लागलं मला.

३ जुलै, गुरुवार

रात्री झोप नीट लागली नाही. तिच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचत होती एक जुनी नोंद, मीच केलेली.

काही वर्षांपूर्वी एका वन्यजीव संस्थेच्या वह्या आमच्याकडे होत्या. संस्थेनं शहरात मोठा कार्यक्रम घेतला, पाहुणा म्हणून पडद्यावरचा एक चेहरा आणला. त्याचं विमानाचं तिकीट, हॉटेल, स्टेज, फुलं, लाइट, छायाचित्रकार. सगळी बिलं माझ्यासमोर आली आणि वरून सांगण्यात आलं की ही 'वन्यजीव जनजागृती' या खात्याला टाका. मी टाकली. त्याच वर्षी खानापूर तालुक्यातल्या रानालगतच्या शेतकऱ्यांना बॅटऱ्या वाटल्या होत्या, त्याचं बिल फुलांच्या बिलापेक्षा लहान होतं. बेकायदा काही नव्हतं. म्हणूनच ते अजून विसरता येत नाही.

कायदा काय म्हणतो ते भाचीला सांगायला हवं. धर्मादाय ट्रस्टला करसवलत हवी तर उत्पन्नाचे ८५ टक्के आपल्या हेतूवर लावावे लागतात. परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थांना प्रशासनावर पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत खर्च करता यायचा, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो २० टक्क्यांवर आला. ऐकायला कडक वाटतं. पण 'जागृती' हाही हेतूच असतो. नटाचा व्हिडिओ जागृती, स्टेज जागृती, टी-शर्ट जागृती. देणगी मागण्याचा खर्च अशा रीतीनं काम केल्याच्या खर्चात मिसळतो, आणि देणाऱ्याला ताळेबंदात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के 'कामावर' दिसतात.

उलटही होतं, आणि ते लोकांना कळत नाही याचं मला फार वाईट वाटतं. रानात रात्रभर गस्त घालणाऱ्या माणसाचा पगार 'पगार' म्हणून दिसतो. जीपचं डिझेल 'प्रवास' म्हणून दिसतं. देणगीदार नाक मुरडतात, यांचा पगारावरच किती खर्च! अहो, रान माणसंच राखतात. पगाराचा आकडा मोठा आहे म्हणून संस्था वाईट ठरत नाही. तो पगार कुणाचा, एवढं विचारलं तरी पुरे.

नावाजलेल्या माणसांनी काढलेल्या संस्थांचं काय होऊ शकतं ते जगानं पाहिलं आहे. २०१० च्या भूकंपानंतर हैतीसाठी गायक वायक्लेफ जाँच्या 'येले' या संस्थेकडे त्या एका वर्षात सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर जमले. त्या वर्षी जे ९० लाख खर्च झाले त्यांतला निम्मा पैसा प्रवास, पगार, सल्लागारांची फी, ऑफिस-गोदाम यांत गेला, आणि २०१२ मध्ये संस्था बंद पडली. गायिका मॅडोनाच्या संस्थेनं आफ्रिकेतल्या मलावीत मुलींची शाळा बांधायची ठरवली, ३८ लाख डॉलर खर्च झाले आणि २०११ मध्ये शाळेचा बेतच सोडला गेला. यात हेतू खोटा होता असं मी म्हणणार नाही. चेहरा मोठा असला की पैसा लवकर येतो, आणि तो वापरायची सवय असलेली माणसं सावकाश येतात.

पण न्यायानं लिहायचं तर दुसरी बाजूही आहे. सेसिल गेला तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर जिमी किमेल हा सूत्रसंचालक बोलता बोलता गहिवरला आणि त्यानं लोकांना थेट त्या ऑक्सफर्डच्या संशोधकांकडे पैसे पाठवायला सांगितलं. सुमारे दहा लाख डॉलर जमले. ज्यांनी सेसिलच्या गळ्यात पट्टा घातला होता, त्यांच्याच हातात. मध्ये स्वतःची संस्था नाही, स्टेज नाही. प्रसिद्ध माणसाच्या डोळ्यांतल्या पाण्याचा असाही उपयोग होतो.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

भाचीला घेऊन गावी गेले. जांबोटी सोडली की रस्ता झाडीत शिरतो आणि कणकुंबीच्या अलीकडेपलीकडे पाऊस असा की बसच्या काचेतून पुढचं काही दिसत नव्हतं. मलप्रभा नदी इथंच उगवते. गावात रोप लावण चाललेली. काका इरलं घेऊन बांधावर उभे होते. काल रात्री गवे येऊन अर्धा तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, तुडवून गेले.

भाचीनं विचारलं, "आजोबा, राग येत नाही?"

"येतो की. खरं मी आरडू कुणाला? त्याचं रान, माझं शेत, मधी कुंपण न्हाई."

भरपाईचा अर्ज द्यायचा, फॉरेस्टवाले पंचनाम्याला येणार, पैसे मिळतात पण कधी ते विठ्ठलाला ठाऊक. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आतल्या गावांना पावसाळ्यात धड रस्ता नाही, आजारी माणसाला खांद्यावर डोली करून आणावं लागतं. वाघाचं, वटवाघळाचं, म्हादई नदीच्या झाडीचं रक्षण व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्या रक्षणाची रोजची किंमत काका भरतात, देणगीची पावती मात्र दुसऱ्याच्या नावानं फाटते.

उपासाची भगर खाऊन सोप्यात बसलो. भिंतीवर दोन खिळे आहेत, मध्ये कॅलेंडर. भाची पहिल्यांदाच नीट बघत होती. तिथं सांबराची शिंगं होती. २०२३ च्या शेवटी वाघनखांच्या लॉकेटांवरून कर्नाटकात धरपकड झाली, टीव्हीवरच्या एका स्पर्धकालाही अटक झाली. मग जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं अशा वस्तू जमा करायला ९० दिवसांची मुदत दिली. तेव्हा काकांनी शिंगं भाताच्या पोत्यात गुंडाळून वनखात्याच्या ऑफिसात नेऊन दिली.

"कुणी मारलं होतं?" भाचीनं विचारलं.

मग काकांनी आज्जाची गोष्ट सांगितली. मला माहीत होती, पण आज वेगळी ऐकू आली. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या कितीतरी आधीची. शहरातून कुणी साहेब यायचे, मचाणावर बसायचे. जनावर मचाणाकडे हुसकवायला गावची माणसं डबे, ढोल बडवत हाका घालायची, त्यांना हाकारे म्हणत, आज्जा त्यांत. त्या दिवशी दोन सांबरं पडली. मोठं पाय मोडून ओढ्यात उभं राहिलं होतं, दुसऱ्या गोळीनं पडलं. साहेबाला फोटो काढायचा होता, सांबराची मान लुळी पडत होती. आज्जानं चिखलात बसून मागून शिंगं धरली आणि डोकं उचलून ठेवलं. ते जड होतं आणि अजून गरम होतं, एवढंच आज्जा सांगायचे. मोठ्याचं डोकं साहेबानं नेलं, पेंढा भरून भिंतीला लावायला. आज्जाला आठ आणे, वाट्याचं मांस आणि लहान सांबराची शिंगं. तो फोटो आमच्यापैकी कुणीच कधी पाहिला नाही. त्यात आज्जाचे फक्त हात असतील.

परतीच्या बसमध्ये भाचीनं अवघड प्रश्न टाकला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की शिकारीच्या पैशावर आफ्रिकेतली रानं टिकतात. हे अगदीच खोटं नाही, आणि ते तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना लिलावात साडेतीन लाख डॉलरना गेला, तेव्हाचे दोन कोटींहून जास्त रुपये. पैसा नामिबियाच्या वन्यजीव निधीसाठी. गेंडा म्हातारा, पुढची पिल्लं होण्याच्या उपयोगाचा नाही, उलट तरुण नरांना मारणारा, असं कारण देण्यात आलं. त्या देशात १९९६ च्या कायद्यानं गावांना आपल्या भागातल्या प्राण्यांवर हक्क मिळाले, शिकारीचा पैसा आणि मांस गावात येतं, त्यावर राखणदार नेमले जातात. आमच्या शेजारचंच उदाहरण घ्यायचं तर दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या महाराजांची राखीव शिकारीची जागा म्हणून राहिलं आणि १९५८ मध्ये अभयारण्य झालं. दुसरीकडे केनियानं १९७७ मध्येच शिकार बंद केली. बोत्स्वानानं २०१४ मध्ये बंद केली, २०१९ मध्ये पुन्हा उघडली, कारण हत्ती ज्यांच्या शेतात येतात त्यांचं म्हणणं ऐकावं लागलं.

"म्हणजे ते बरोबर आहे?"

नाही, मी म्हटलं. भुकेसाठी नाही, जीव वाचवायला नाही, केवळ भिंतीवर डोकं लावायला जीव घेणं मला मान्य नाही. गेंड्याच्या त्या पैशानं दहा राखणदार ठेवले तरी नाही. पण मग ज्याला नको आहे त्यानं त्या राखणदारांचा पगार दुसरीकडून द्यायला हवा. बंदी मागायची, रडका व्हिडिओ करायचा आणि पैसे स्टेजवर उडवायचे, हे मी शिकारीइतकंच वाईट मानते. त्या गावातल्या माणसाला हाकाऱ्याचे आठ आणेसुद्धा मिळाले नाहीत तर त्यानं सिंहाची बाजू का घ्यावी?

ती खिडकीबाहेर बघत राहिली. चिखलानं तिचे पाय गुडघ्यापर्यंत भरले होते, काकांबरोबर ती दोन वाफे लावून आली होती.

७ जुलै, सोमवार

संध्याकाळी तिनं त्या नटाच्या संस्थेला मेल लिहिला. मला दाखवला, दुरुस्त करू दिला नाही. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागितलेत. जनजागृतीच्या खर्चात कार्यक्रमांचा आणि व्हिडिओंचा वाटा किती, हे विचारलंय. गस्त घालणाऱ्या किती माणसांना तुम्ही पगार देता, हेही. शेवटचा प्रश्न तिचा स्वतःचा: रानाशेजारच्या ज्या शेतकऱ्याचा तरवा गवे तुडवतात, त्याला तुमच्याकडून काय मिळतं?

हजार रुपये तिनं गणिताच्या वहीत घालून ठेवलेत. रात्री दोनदा मेल उघडून बघितला. महिनाभर वाट बघायची, असं ठरलंय. उत्तर आलं नाही तर ते पैसे काकांच्या बांधावर सौरदिवा लावायला द्यायचे का, असं विचारत होती. तो कितीला मिळतो ते उद्या खडेबाजारात बघून येईन.