आमची वाटचाल : ए-फ्रेम, काकूंचा माळ आणि अडकलेलं बिल

2008 ला धायरीत एका भाड्याच्या गाळ्यातून मी आणि अण्णांनी मृद-जलसंधारणाची कामं घ्यायला सुरुवात केली. अण्णा रोजगार हमीवरचे जुने मुकादम, त्यांचा ए-फ्रेमवर, म्हणजे उतारावर समपातळी आखायच्या A आकाराच्या लाकडी चौकटीवर, हात असा बसलेला की दोरीला बांधलेला दगड मधल्या खुणेवर यायच्या आधीच ते म्हणायचे "आली लेव्हल". पुढे मी डंपी (लेव्हल बघायची दुर्बीण) घेतली, पण छोट्या कामाला आजही ए-फ्रेमच नेतो, सागाची आहे, अण्णांनी स्वतः बनवलेली.

2011 ला पुरंदरमध्ये एका संस्थेचा चाळीस एकर उतार मिळाला. सलग समतल चर, म्हणजे डोंगराच्या वळणाने एकाच पातळीत जाणारे, 60 सेंमी रुंद 30 खोल, सगळं मापात. वरचा डोंगर मात्र चराईला उघडा होता, वर्षभर त्याच शेळ्या त्याच जागी. मी लेखी दिलं होतं की आधी वर चराईबंदी करा, कोणी वाचलं पण नाही. जूनचे दोन पाऊस झाले आणि चर गाळाने काठोकाठ भरले. खापर आमच्यावर, साडेतीन लाखांचं बिल अडकलं आणि आमच्या जागी एक पोकलेनवाला आणला, त्याने उताराला आडवे पण सरळ रेषेत चर मारले. अहो, सरळ चरातलं पाणी सखल टोकाला जमतं आणि तिथूनच बांध फोडून घळ पाडतं, हे आपल्या लाईनमधल्या कुणालाही कळतं.

आणि दोष धनगरांना देऊ नका, ते फिरते असतात, त्यांचा कळप पुढे सरकतो आणि गवताला उसंत मिळते. एकाच जागी रोज चरलं की मारवेल, पवन्या ही चाऱ्याची चांगली गवतं फुटव्यालाच खुडली जातात, बी धरत नाहीत, मुळं मरतात, मग जनावरं तोंड लावत नाहीत ते कुसळ नि तरोटा उरतो. खुरांनी जमीन दाबली जाते, उघड्या मातीवर थेंब आपटून वरची भोकं बुजतात, पाणी मुरायच्या ऐवजी पळतं, आधी ओघळ मग घळ. आपल्याकडे माती असते वीतभर, खाली मुरूम आणि काळा दगड.

त्या वर्षी मजुरांची हजेरी थकली, अण्णांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या. फर्म बंदच करणार होतो तेव्हा सासवडजवळच्या एका रिटायर्ड शिक्षिका काकूंनी नऊ एकर माळ दिला, अर्धे पैसे आगाऊ, आणि एकच अट घातली की तुम्ही सांगाल तसं करेन. दोन पावसाळे माळ बंद ठेवला, ओघळींना अनगड दगडाचे बांध घातले, स्टायलो या चारापिकाचं बी टाकलं. कार्तिकात बी झडल्यावर शेजारच्या शेळीवाल्यांना विळ्याने कापून न्यायला दिलं, म्हणजे त्यांचाही चारा सुटला. हिवरे बाजारला हेच केलं, मोकाट चराई बंद, कापून न्या. काकूंनी नंतर तीन कामं मिळवून दिली.

पुढची वर्षं बरी गेली.

कुणी चर खोदून घेणार असाल तर आधी वर चढून बघा तिथे काय चरतंय, आणि दगडी बांधाचा सांडवा (जादा पाणी जायची वाट) मधेच ठेवा, कडेला ठेवला की काठ कातरतो.

दिवेघाट चढून त्या बाजूला गेलो की मी गाडी थांबवतो. त्या चाळीस एकर उतारावर आता नुसता मुरूम दिसतो. बिल अजून आलेलं नाही, मोजमापाची वही कपाटात आहे, प्रत्येक पानावर अण्णांची सही आहे.