तिसरा बिंदू कशाला?

काल रात्री भाची वही घेऊन आली, दहावीत आहे, बीजगणितातला पहिलाच धडा, दोन चलांतली रेषीय समीकरणं. म्हणे मावशी, माझी रेषा सरळ येतच नाहीये. बघते तर आलेख कागदावर तीन बिंदू आणि पट्टी फक्त दोघांवर बसतेय, तिसरा भलतीकडेच.

समीकरण होतं २ एक्स + ३ वाय = १२. बाईसाहेबांनी एक्स = ० घेतला, वाय ४ आला, बरोबर, पण बिंदू ठोकला आडव्या अक्षावर ४ वर! म्हणजे (०, ४) च्या जागी (४, ०). उरलेल्या दोन्हीसाठी एक्स = १ आणि २, मग वाय येतो ३.३३ नि २.६७, ते बारीक चौकोनांत अंदाजाने कुठेतरी टेकवलेले. अगं, १, २, ३ च घ्यायचे असं कुणी सांगितलंय? वाय काढताना ३ ने भागायचंय ना, मग एक्स ३ च्या पाढ्यातलाच घे. ० ला ४, ३ ला २, ६ ला ०. सगळे पूर्णांक, पेन्सिल बरोबर रेघांच्या चौकात.

मग तिचा प्रश्न, दोन बिंदूंत रेषा होते ना, मग तिसरा कशाला? अगं दोन बिंदू चुकीचे असले तरी पट्टी त्यांच्यावर बसतेच की, गडबड कळणारच नाही, आज तुझी चोरी तिसऱ्यामुळेच तर पकडली गेली :)

आणि हो, दोन्ही अक्षांवरचे बिंदू काढून जोडायची आयडिया भारी आहे पण वाय = २ एक्स आलं की फसते, दोन्ही वेळा आरंभबिंदूच, म्हणजे (०, ०), मिळतो, तिथे दुसरी किंमत घ्यावीच लागते.

तक्ता नीट केल्यावर मी म्हटलं आता आकडे जरा बघ, एक्स ३ ने पुढे गेला की वाय २ ने खाली. भूमितीत शिकवतात तो चढ हाच, उणे दोन तृतीयांश. मग तिनेच उलटं केलं, (०, ४) वरून ३ घरं मागे, २ वर, (-३, ६). समीकरणात घालून बघितलं, उणे ६ अधिक १८, बारा! एवढी खूश झाली की कोपऱ्यात प्रमाण, म्हणजे अक्षावर किती अंतराला किती एकक, लिहायचंच राहिलं, ते शेवटी मी आठवण केल्यावर लिहिलं, आणि तो जुना (४, ०) खोडताना कागदाला भोक.