झाकून ठेवलेला ग्लास

सोमवार, रात्री साडेदहा

दादाने काल एकच घोट घेतला. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

बाटली दीड वर्षं कपाटात होती. पिंकीने न्यूजर्सीहून आणलेली राय व्हिस्की. दादा निवांत येईल तेव्हा उघडायची, असं मनाशी धरून बसलो होतो. तो येतोच कुठे निवांत? काल आला. मी सगळं वाचून ठेवलं होतं, तेही सांगितलं. अमेरिकेत राय म्हणायचं तर दळलेल्या धान्यात निदान 51 टक्के राय लागते. ओकचं पिंप नवं लागतं, आतून जाळून कोळसा केलेलं. त्यातून ही 'बॉटल्ड इन बाँड', म्हणजे 1897 च्या कायद्यातली. किमान चार वर्षं मुरलेली, मद्यार्क बरोबर 50 टक्के.

तो म्हणाला, "राई म्हणजे आपली मोहरी ना?"

म्हटलं, नाही रे, गव्हाच्या भाऊबंदातलं धान्य आहे. भाऊबंद म्हटलं आणि दोघंही गप्प झालो.

काळ्या मसाल्याचं मटण मी स्वतः केलं होतं. खोबरं, कांदा भाजण्यापासून. तर्रीदार रस्सा, शिवाय थोडं सुकं. त्याने घोट घेतला, वर रस्सा भुरकला, डोळे घट्ट मिटले आणि तांब्या उचलला. ग्लास बाजूला सरकवला तो सरकवलाच. साडेनवाला पुतण्या गाडी घेऊन आला. निफाडकडे पारा उतरलाय, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या होत्या. मला कळत नाही का? घड आत्ता कुठे भरताहेत. तरी वाटलंच, दुसऱ्या कुणी ओतली असती तर संपवली असती. माझ्या हातचं त्याला कधी पुरतच नाही. बाबांच्या वेळीही... असो.

सकाळी ओट्याशी गेलो तर त्याच्या ग्लासवर स्टीलची वाटी पालथी. हिला म्हटलं, कशाला झाकलास, ओतून टाकायचा. ही म्हणाली, "मी नाही. निघताना दादांनीच झाकला."

आई उरलेलं दूध झाकायची तसा. टाकायचं असेल ते आमच्या घरात कुणी झाकत नाही.

आज रात्री माझ्यासाठी वेगळी थोडी ओतली. आधी कालच्यासारखीच, नुसती, वर रस्सा. जीभ पेटली. मद्यार्काने तिखट जास्त झोंबतं, हे ठाऊक असून मी पन्नास टक्क्यांची दारू झणझणीत रश्श्यावर त्याच्या हातात दिली होती. गव्हाचे भाऊबंद सांगण्याच्या नादात पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग रस्सा बाजूला ठेवला. ग्लासात दोन चमचे पाणी घातलं आणि थांबलो. वास सुटला. आधी मिरी, लवंग, मागून शहाजिऱ्यासारखं काहीतरी, आणि तळाशी पिंपाची गोडसर, व्हॅनिलासारखी छटा. बाजरीच्या भाकरीत सुक्यातला चरबीचा तुकडा घेतला, वर घोट. चरबी जिभेवर पसरलेली, रायचा तिखटपणा ती कापत गेला आणि तोंड लख्ख झालं. शेवटी भाकरीसोबत गुळाचा खडा. काळा गूळ आणि त्या जळक्या लाकडाची गोडी एकमेकांत अशी मिसळली की मी एकटाच "वा" म्हणालो. हिने आतून विचारलं, काय झालं?

हे दादाला द्यायला हवं होतं. हेच, याच क्रमाने.

त्याच्या ग्लासला हात लावला नाही. अजून वाटी तशीच आहे. हिने दोनदा विचारलं, टाकू का? म्हटलं, राहू दे.

नऊला फोन केला होता. बाग ठीक आहे म्हणाला. धुराने डोळे चुरचुरताहेत, बाकी काही नाही. मग थोडं थांबून, "ती राईची संपवलीस का रे?"

"नाही."

"बरं," म्हणाला, आणि लाइट आलीय, मोटर चालू करायचीय म्हणून फोन ठेवला.

मी या वेळी राई दुरुस्त केली नाही.