अशील निवडण्याची मुभा नसलेला वकील

बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले अशी नावे ऐकत आपण वाढलो. त्यामुळे ‘बॅरिस्टर’ ही नावामागची प्रतिष्ठा आपल्याला ठाऊक असते, पण इंग्लंडमध्ये तो माणूस रोज करतो काय, हे बहुधा ठाऊक नसते. मी स्वतः वकिली करतो, आणि त्या व्यवसायातील एका नियमाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

लंडनच्या चार ‘इन्स ऑफ कोर्ट’ या बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी एकीचे सदस्यत्व (डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे होते), बारची परीक्षा, मग ‘प्युपिलेज’ ही वर्षभराची उमेदवारी, असा हा मार्ग आहे. पहिले सहा महिने ज्येष्ठाचे काम पाहायचे आणि नंतरचे सहा महिने देखरेखीखाली स्वतः न्यायालयात उभे राहायचे. पुढे चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, जागा मिळाली, तर स्वतंत्र व्यवसाय सुरू होतो. चेंबर्स ही भागीदारी नव्हे. जागेचा आणि क्लार्कचा खर्च सारे वाटून घेतात, पण प्रत्येकाची कमाई आणि जबाबदारी त्याची त्याची असते. म्हणूनच एकाच चेंबर्समधील दोघे एकाच खटल्यात परस्परांविरुद्ध उभे राहू शकतात. कामे मुख्यतः सॉलिसिटरकडून, म्हणजे अशिलाशी थेट व्यवहार करणाऱ्या वकिलाकडून, येतात आणि तारखा व शुल्क क्लार्क ठरवतो.

असे काम आले की ‘कॅब रँक’ नियम लागू होतो. रांगेतील पहिल्या टॅक्सीने समोर येईल तो प्रवासी घ्यायचा, तसेच हे आहे: प्रकरण आपल्या अनुभवाच्या क्षेत्रातले असेल, वेळ मोकळा असेल आणि योग्य शुल्क मिळत असेल, तर अशील किंवा त्याची मते आवडत नाहीत म्हणून बॅरिस्टरला ते नाकारता येत नाही. सॉलिसिटरवर असे बंधन नाही.

या तत्त्वाची किंमत थॉमस अर्स्किन या बॅरिस्टरांनी मोजली. १७९२ साली राजद्रोही लेखनाच्या खटल्यात त्यांनी क्रांतिकारी लेखक थॉमस पेन यांचे वकीलपत्र घेतले, तेव्हा अर्स्किन प्रिन्स ऑफ वेल्सचे (युवराजांचे) ॲटर्नी जनरल, म्हणजे कायदेविषयक सल्लागार, होते. ते पद गेले आणि ज्यूरीने पेन यांना दोषीही ठरवले.

मार्च २०२३ मध्ये शंभराहून अधिक इंग्लिश वकिलांनी, त्यांत काही बॅरिस्टरांनीही, नव्या तेल-वायू प्रकल्पांसाठी काम करणार नाही आणि हवामान आंदोलकांवरील खटले सरकारच्या बाजूने चालवणार नाही, असे जाहीर केले. त्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. तरीही मला त्यांचे पटत नाही, कारण आज तेल कंपनीला मिळणारा नकार उद्या त्याच आंदोलकांच्या वाट्याला येऊ शकतो.

आपल्याकडेही बार कौन्सिलच्या नियमांत असेच कर्तव्य सांगितले आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असे ठराव वकील संघटना करत असत. ते बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात सांगितले, आणि त्या निकालपत्रात अर्स्किन यांचा दाखला दिला.