अपडेट ऑटोवर टाकू का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी ज्यांच्याकडे उबुंटू नाहीतर मिंट हे लिनक्सचे प्रकार टाकून देतो, मग ते नवी पेठेतलं कापडाचं दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस, त्या सगळ्यांचा थोड्या दिवसांनी एकच फोन येतो, "सर, ते अपडेट अपडेट म्हणून सारखं विचारालंय, सगळं ऑटोवर टाकू का?" मी म्हणतो आल्यावर बघू, आणि गेल्यावर चहा होतो, प्रिंटरचं काहीतरी निघतं आणि हे राहूनच जातं. म्हणून आता एकदाच लिहितो.

सिक्युरिटीचे अपडेट ऑटोवर असू द्या. डेटाबेस, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि मशीन रीस्टार्ट करणं, हे ऑटोवर नको. आणि ऑटोवर काहीही असलं तरी ते चालतं त्या वेळेला मशीनजवळ कुणीतरी शहाणं माणूस पाहिजे, माझा सगळा मुद्दा हाच आहे.

आता गंमत अशी की उबुंटू असेल तर तुम्ही विचारायच्या आधीपासूनच ते अर्धं ऑटोवर असतं. अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा गठ्ठा, आधीच बसलेलं असतं आणि सिक्युरिटीचे अपडेट ते रोज आपलं आपण घेतं. स्नॅप ही प्रोग्रॅम देण्याची उबुंटूची दुसरी पद्धत, तिचं खातं वेगळं, ते दिवसातून चार वेळा स्वतःच बघून येतं, आणि २२.०४ पासून उबुंटूतला फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो, त्यामुळे "ब्राउझर बंद करा, अपडेट आलंय" ती पाटी तिथून येते. मिंटमध्ये मात्र तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय ऑटो नसतं, त्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलंय आणि मला ते पटतं.

खरी अडचण वेळेची आहे आणि ती आपल्याकडे जास्त टोचते. उबुंटूत हे काम सकाळी सहा ते सातच्या मध्ये कधीतरी होईल असं ठरवलेलं असतं. सर्व्हरला ठीक आहे, तो रात्रंदिवस चालू असतो. पण सोलापुरात सकाळी सहाला कुठल्या दुकानातला कॉम्प्युटर चालू असतो सांगा? आणि हे काम सुरू करणाऱ्या टायमरला असं सांगून ठेवलेलं असतं की वेळ चुकली तर मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम उरकून घे. म्हणजे साडेदहाला शटर वर गेलं, मशीन चालू केलं, पहिलं गिऱ्हाईक चादरी बघून बिलाला आलं, की नेमकं तेव्हाच मागे अपडेट सुरू. जुनी हार्ड डिस्क असेल तर मशीन हलेचना, पंखा घोंघावतोय, मालक म्हणतो "हँग झालं बघ, बंद करून चालू कर" आणि पोरगं बटण दाबून धरतं. नाहीतर लाईट जाते. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी कधी बदलली ते कुणालाच आठवत नाही.

तेव्हा आत काय होतं तर पॅकेज उघडलेलं असतं पण बसवून झालेलं नसतं. नीट शटडाउन केलं तर अनअटेंडेड-अपग्रेड्स हातातला तुकडा पूर्ण करून थांबतं, ते काम लहान लहान तुकड्यांतच करतं, पण प्लग ओढल्यावर ते तरी काय करणार. मग पुढच्या वेळी काहीही इन्स्टॉल करायला गेलं की डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, मध्येच तुटलंय म्हणून ओरडतं. त्याच मेसेजमध्ये कुठली कमांड द्यायची तेही लिहिलेलं असतं, डीपीकेजीला राहिलेली सगळी पॅकेजेस कॉन्फिगर कर असं सांगणारी, आणि दहातल्या नऊ वेळा तेवढ्यानं भागतं. दहावी वेळ म्हणजे कर्नल, सिस्टमचा गाभा, अर्धवट लिहिला गेलेला असतो आणि मशीन उठतच नाही. तेव्हा घाबरायचं नाही, चालू करताना ग्रबच्या, म्हणजे काय चालू करायचं ते निवडायच्या, मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जायचं आणि आधीचा कर्नल निवडायचा, तो तिथंच असतो. हे मी प्रत्येक दुकानात एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतो, आणि तो कागद पुढच्या भेटीला हमखास गायब असतो.

बरं, ही दुकानाची गोष्ट झाली. मोठ्या लोकांचं काय होतं? ८ मार्च २०२३ ला डेटाडॉग नावाच्या कंपनीची सेवा बंद पडली. हे लोक दुसऱ्यांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम करतात, हे आणखी विशेष. त्यांच्या उबुंटू मशिनींवर सिस्टमडीचा (आतल्या सर्व्हिसेस चालू-बंद करणारा भाग) एक सिक्युरिटी अपडेट आपोआप आला, त्यानं नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि तिनं स्वतः न टाकलेले रूट, म्हणजे नेटवर्कचे रस्ते, पुसून टाकले, म्हणजे मशीन जिवंत पण कुणाशी बोलता येईना. त्यांचा पसारा तीन वेगवेगळ्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, होता, मुद्दाम, एक पडला तर दुसरा राहावा म्हणून. पण सगळीकडे अपडेटची वेळ तीच, युटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे, सहा ते सात, आपल्याकडचे साडेअकरा ते साडेबारा. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून उपयोग काय झाला मग? त्याआधी ३० ऑगस्ट २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर क्लाउडवरच्या उबुंटू १८.०४ वाल्या मशिनींचं असंच झालं होतं, तेव्हाही सिस्टमडीच, फक्त त्या वेळी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं, गेलं.

दोन्ही वेळा अपडेट सिक्युरिटीच्याच रस्त्यानं आला होता हे लक्षात घ्या, कारण लोकांना वाटतं सिक्युरिटीचा म्हणजे तपासून आलेला. उबुंटूत साधे अपडेट आधी थोड्या मशिनींना देऊन मग हळूहळू सगळ्यांना सोडतात, सिक्युरिटीच्या अपडेटला ती पद्धत नाही, ते एकदमच सगळ्यांना. कारणही बरोबर आहे, भोक पडलंय ते लवकर बुजवायचंय. पण बिघाड असेल तर तोही एकदमच सगळ्यांना मिळतो.

डेबियन या लिनक्ससारख्या सावकाश चालणाऱ्यांकडेही असं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ येणार होतं आणि त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ चा, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीचा, असा बग निघाला की डिस्कवरचा डेटाच खराब होऊ शकतो. त्यांनी स्वतःच लोकांना सांगितलं की आता अपडेट करू नका, आणि लगेच ६.१.६६ घालून १२.४ काढलं. ज्यांनी एक-दोन दिवस उशीर केला त्यांना काही झालंच नाही.

हे वाचून "मग बंदच करून टाकतो" म्हणणारेही भेटतात, कारखान्यात तर जास्तच, चालतंय ना मग हात लावू नका. त्यांना मी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचं सांगतो. २०१७ च्या मार्चमध्ये वेबसाइट बनवायच्या अपाचे स्ट्रट्सचा पॅच आला होता, त्यांच्या एका सिस्टमवर तो बसलाच नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुसरीकडे सगळ्यात आधी नवं घेणाऱ्यांना मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचा फटका बसला, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी चोरदरवाजा घालून ठेवला होता आणि आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन (लांबून दुसऱ्या मशीनवर शिरणं) अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं म्हणून तो सापडला. डेबियन स्टेबलवाले आणि उबुंटूच्या नेहमीच्या आवृत्त्यांवाले निवांत होते, कारण त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, सर आर्चवर क्रॉन लावून रोज रात्री अपडेट केलं तर? आर्च म्हणजे सतत नवं घेणारं लिनक्स आणि क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम उरकणारा प्रोग्रॅम. नको रे बाबा. आर्चमध्ये कधी कधी आपल्याला हातानं काहीतरी करावं लागतं आणि ते त्यांच्या बातम्यांच्या पानावर लिहिलेलं असतं, क्रॉन ते पान वाचत नाही.

आता मी काय करून ठेवतो ते सांगतो. दुकानात टायमर दुपारी तीनवर सरकवतो, आपल्या उन्हात त्या वेळी बाजारात चिटपाखरू नसतं. ऑटोमॅटिक रीबूटची सेटिंग मुळातच बंद असते, ती तशीच राहू देतो, रीबूट हवा असेल तर तशी फाइल तयार होते आणि मशीन सांगतं, रात्री शटर लावताना बंद केलं की झालं. कारखान्यात जिथं पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे तिथं ते पॅकेज होल्डवर, म्हणजे त्याचे अपडेट थांबवून ठेवलेले, कारण ते अपडेट झालं की डेटाबेस रीस्टार्ट होतो आणि डिस्पॅचच्या एंट्र्या चालू असताना ते झालं की शिव्या मला. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हरही होल्डवर, नाहीतर चालू मशीनमध्ये आतला जुना आणि बाहेरचा नवा असे दोन ड्रायव्हर एकमेकांना ओळखत नाहीत. होल्डवर टाकलं म्हणजे विसरायचं असं नाही, ते मी मंगळवारी सकाळी हातानं करतो, आधी एका मशीनवर, दोन दिवस बघून मग बाकीच्यांवर. शनिवारी संध्याकाळी कुणी कितीही म्हटलं तरी नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही नाही, त्या गर्दीत फोन वाजलेला ऐकूच येत नाही.

टाइमशिफ्ट हा सिस्टमची कॉपी काढून ठेवणारा प्रोग्रॅम लावून देतो, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नका, ते सिस्टम मागे नेतं, तुमचं होम फोल्डर त्यात मुळात धरलेलं नसतं. बिलं, फोटो, हिशोब याची कॉपी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवायची नाही.

ज्यांना टायमरची वेळ बदलून पाहिजे त्यांनी फोन करताना दुकान किती वाजता उघडतं, दुपारी कोण बसतं आणि यूपीएसवर मशीन किती मिनिटं टिकतं एवढं बघून ठेवा. शेवटचं बहुतेक कुणालाच माहीत नसतं, तर एकदा सगळं सेव्ह करून यूपीएसचा प्लग काढून घड्याळ लावून बघा.